माझ्या सुनेचा आवाज मागायला आलेल्यांना

मंडळी, बसा. मागे भिंतीला टेकून उभे आहेत त्यांनीही पुढे या. हॉल मच्छीमार सोसायटीचा आहे, पुढे बसायला वेगळे पैसे पडत नाहीत.

आधी तुमची एक चूक काढते, मग पुढचं. मघापासून जो येतो तो माझा हात धरतो आणि म्हणतो, "लेक गेली हो तुमची, हिराबाय." अरे, लेक कुठली? मला लेक झालीच नाही. वैशाली माझी सून. ह्याच हॉलसमोर तिच्या लग्नाचा मांडव पडला होता. तुम्हीच जेवलात. काही जण तर दोन पंगतींना बसले, ते मला अजून आठवतं, नावं घेत नाही. जेवण लक्षात राहिलं आणि नातं विसरलात? असू दे. तिला हे ऐकून हसूच आलं असतं. माझी लेक म्हणवून घ्यायला ती तयार झाली नसती. "आई, तुम्ही सासू हाव ना, मग सासूच बऱ्या," असं माझ्या तोंडावर म्हणायची.

आता बोलायचं म्हटलं तर काय बोलू? जन्मभर लोकांच्या मांडवात बसून धवले गायले. आमच्यात लग्न लावते ती धवलारीण, आणि ह्या किनाऱ्याला इथून काशीदपर्यंत कितीतरी लग्नं मी गाऊन लावली. गाताना पुढची ओळ आपोआप येते. बोलताना येत नाही. गळा तोच, पण बोलायला बसलं की कोरडा.

मला लिहिता-वाचता येत नाही, हे ठाऊक आहे तुम्हाला. हे बोलणं माझ्या नातीने, वैशालीच्या सायलीने, काल माझ्या तोंडून उतरवून घेतलं. माझं हाय-न्हाय तिने कॉलेजातल्यासारखं करून टाकलं. मग तिने मला वाचून दाखवलं आणि मी पाठ केलं. ती शेजारी कागद घेऊन बसलीय. मी भरकटले की कोपर मारते. म्हणजे आज माझ्या बरगड्यांचं काही खरं नाही.

तर ही पुढच्या रांगेतली माणसं कोण, हे तुम्ही मघापासून एकमेकांना विचारताय. कुणी म्हणतं वकील. कुणी म्हणतं जागा बघायला आलेत, आता इथेही बंगले होणार. नाही. ही माणसं मुंबईहून रो-रो बोटीने मांडव्याला उतरून वैशालीसाठी आलीत. ह्या दातांच्या डॉक्टरीणबाई. हे बँकेतले साहेब, डोक्यावरचे केस गेलेत ते. बाकीचे त्यांच्यासोबतचे. सगळे वैशालीचे दोस्त. त्यातल्या फार थोड्यांना तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी दोस्त. कारण हे सगळे एकच गाणी ऐकणारे. जपानची गाणी. कुठल्याच माणसाने न गायलेली गाणी.

ह्यांनी परवा माझ्याकडे एक मागणं केलं. त्याचं उत्तर मी आज तुम्हा सगळ्यांसमोर देणार आहे. घरात दिलं असतं, पण घरात माझ्याच्याने दिलं गेलं नाही.

मागणं असं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, वैशालीचं बोलणं आमच्याकडे खूप साठलंय. ती ग्रुपवर खूप बोलायची. त्यातून तिचा आवाज तयार करता येईल. त्या जपानी आवाजासारखा. मग ती गाईल. बोलेलही. फक्त तुमच्या घरची परवानगी हवी."

माझा मुलगा रमेश तिथेच ओटीवर बसला होता. तो म्हणाला, "हो."

वैशाली गेल्यापासून त्याने उच्चारलेला तो पहिला शब्द. हो. त्यानंतर चारचौघांत पुन्हा गप्प.

तुम्ही त्याला ओळखता. वाऱ्यावर ओरडून ओरडून ह्याचा आवाज एवढा मोठा झालेला की घरात बोलला तरी शेजारी ओ देतात. तो गप्प बसलाय. आणि त्याला बोलता करणारी गोष्ट ह्यांच्याकडे आहे. घरातली मोठी मी. म्हणजे माझ्या एका शब्दावर त्याचं ते 'हो' उभं राहणार किंवा आडवं पडणार.

मंडळी, मला अजून रडू आलेलं नाही. तुम्हाला ते खटकतंय, मला दिसतं. कालही कुणीतरी कुजबुजलं, सासूच ती. डॉक्टरीणबाई, दात काढायच्या आधी तुम्ही हिरडीत सुई टोचता ना? मग ओठ आपलाच, पण हाताला कुणा दुसऱ्याचा लागतो. तसं झालंय सगळं. अलिबागहून, तिच्या टायपिंगच्या टेबलाशेजारच्या दुकानातून फोन आला. टाइप करता करता डोकं दुखतंय म्हणाली, टेबलावर डोकं टेकलं, ते उचललंच नाही. कानात वायर तशीच. गाणं चालूच होतं, म्हणतात. मी ऐकलं आणि विचारलं, तिचा डबा कुठाय? डबा. मला दुसरं काही सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. म्हणून रडायचं सोडा, मला जे आठवतं ते सांगते. सायली, कोपर नको मारूस, हे कागदात आहे.

वैशाली पालीकडची. देवळाच्या गावची, भाताच्या शेतातली. खाडी बघून घाबरणारी. पहिल्यांदा ओला बोंबील हातात दिला तर डोळे मिटून धरला, आणि तो निसटून माझ्या पदरात. पण टायपिंग असं, की अलिबागला कोर्टाच्या मागे तिने टेबल टाकलं आणि लोक रांगेत उभे राहिले. जमिनीचे अर्ज, भांडणाचे अर्ज, नावात बदल. दिवसभर लोकांची भांडणं बोटांनी वाजवायची आणि कानात वायर.

लग्न होऊन आली तेव्हाच ते खूळ घेऊन आली. कॉम्प्युटर क्लासात कुणीतरी तिला ती गाणी दिली होती. एकदा दुपारी मी जवळा वाळत टाकत होते आणि आतून आवाज आला. बारीक, उंच, घाईघाईचा. मला वाटलं शेजारची पोर पडली.

मी आत गेले. "कोण रडतंय गं?"

"कुणी न्हाय आई. गाणं हाय."

"मग हिचा गळा कोणी आवळलाय?"

"आई, ही माणूस न्हाय."

"मग भूत हाय का?"

ती हसली. म्हणाली, "भूतपण न्हाय. भूत व्हायला आधी माणूस असावं लागतं. ही कधी माणूस नव्हतीच."

मला ते पटलं. त्या दिवसापासून मी तिला 'ती पोरगी' म्हणू लागले. सकाळी वैशालीने वायर कानात घातली की विचारायचे, काय म्हणते गं तुझी पोरगी आज? आणि वैशाली सांगायची. जपानी तिला येत नव्हतं, पण गाण्याखाली अर्थ लिहून येतो म्हणे, तो वाचून सांगायची.

तुम्हाला वाटेल लहान मुलांचं काहीतरी. मलाही वाटलं होतं. जुनी गाणी तशीच होती. पळायचं, उडायचं, शाळा सुटली, कुणी कुणावर जीव टाकला. ती लागली की वैशालीच्या अंगात येई. भाकरी थापताना हात दुप्पट. पण मग वर्षं गेली. वैशालीचे केस पांढरे व्हायला लागले. ह्या साहेबांचे तर गेलेच. आणि त्या पोरगीचं वय मात्र तेवढंच राहिलं. मी म्हटलं, आता तुझं काय काम तिच्याकडे? तिच्या आईच्या वयाची झालीस.

तर म्हणाली, "आई, आता तिच्यासाठी गाणी लिहिणारेपण माझ्याच वयाचे झालेत. जे तेव्हा पोरं होते, तेच आता लिहितात. म्हणून गाणीपण मोठी झालीत."

एक गाणं होतं. एक बाई कामावरून परत येते, लिफ्टमध्ये उभी राहते, आणि मजल्याचं बटण दाबत नाही. तेवढंच. सगळं गाणं तेवढंच. मी विचारलं, मग कधी दाबते? वैशाली म्हणाली, गाणं संपतं तेव्हापण दाबलेलं नसतं. दुसऱ्या एका गाण्यात कुणीतरी आईच्या पथ्याचा डबा भरत असतं, आणि भरता भरता लक्षात येतं की हे पथ्य आता आपल्यालाही लागणार. हे त्या सोळा वर्षांच्या आवाजात. मी म्हटलं, हिला काय कळतं ह्यातलं? वैशाली म्हणाली, "तिला काहीच कळत न्हाय. म्हणून तर ऐकवतं. कळणाऱ्या माणसाने गायलं असतं तर मला ऐकवलं नसतं."

हे मी विसरलेली नाही. कळणारं माणूस गातं तेव्हा त्याच्या दुःखाचंपण आपल्याला बघावं लागतं. तिच्या पोरगीचं काही बघावं लागत नव्हतं. आपलं दुःख तेवढं तिच्यापाशी ठेवायचं आणि उठायचं.

आता धवल्यांचं सांगते, मग उत्तर. थोडं थांबा, रो-रोला अजून वेळ आहे.

माझा गळा जायला लागला. वरची पट्टी गेली, मग मधली फाटली. शिकायला कुणी येईना. लांबलचक गाणी, कोण पाठ करणार? लग्नात डीजे लागतो, आणि डीजे दमला की मला बोलावतात. मी वैशालीकडे कुरकुर केली असेन. ती म्हणाली, "आई, तुमचा आवाज मशीनमध्ये घालू या का? म्हणजे तुम्ही न्हाय गायलात तरी धवला गाता येईल."

मी म्हटलं, ती जपानची पोरगी कुठून आली, ते आधी सांग. कुणाचा गळा कापला?

तिने सांगितलं. कुणी एक बाई असते. खोलीत बसते आणि एकेक आवाज देते. का, की, कू. सगळे. मग मशीन ते आवाज जोडतं आणि गाणं करतं. मी विचारलं, त्या बाईला विचारून? "विचारून, आई. तिला ठाऊक असतं. ती हसत हसत देते." मी म्हटलं, मग मीपण देते.

मग आमचं सुरू झालं. बाहेर कावळे, कोंबड्या, माझी जाऊबाई. शांत जागा कुठे? तर आमची जाळ्यांची खोली. चारी बाजूंनी जाळ्यांचे ढीग, आत आवाज केला तर तो तिथेच मुरतो. वैशाली म्हणाली, मुंबईत ह्यासाठी लोक भिंतींना गाद्या लावतात, आपल्याकडे फुकट आहे. ती एकेक अक्षर म्हणायची, मी तिच्यामागून लांबवायचे. ह्या वयात, मंडळी, मी बाराखडी म्हटली. एक अक्षर न बघता. वैशाली म्हणाली, "आई, आता तुम्हाला अक्षरं येतात." मी म्हटलं, तोंडात येतात गं, पण रस्त्यात भेटली तर ओळखणार न्हाय.

आणि ऐन रंगात आलो तर नारळी पौर्णिमा झाली आणि हा रमेश सगळी जाळी उचलून समुद्रावर निघून गेला. खोली रिकामी. आवाज घुमायला लागला. वैशाली चिडली, "अहो, तुम्ही माझा स्टुडिओ घेऊन चाललात!" तो म्हणाला, "मग काय स्टुडिओ न टाकता मासे धरू?" राहिलेली अक्षरं मग मला गोधडीत बसवून घेतली. आत मी, माइक आणि घाम. ती काही नीट आली नाहीत. पुढच्या खेपेला जाळी घरात आली की पुरी करू, म्हणाली. पुढच्या खेपेला तिचं काम वाढलं. राहिलं.

पण जेवढं झालं होतं तेवढ्याचं तिने एकदा गाणं करून दाखवलं. हे नीट ऐका, कारण माझं उत्तर ह्यात आहे.

दुपारची वेळ. मी तांदूळ निवडत होते. वैशालीने लॅपटॉप ओटीवर ठेवला आणि म्हणाली, ऐका आता. आणि माझा आवाज यायला लागला. माझाच. वीस वर्षांपूर्वी होता तसा, वरची पट्टी शाबूत. आणि तिने लावला होता आवतणाचा धवला.

नव्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. लग्नात धवलारीण आधी सगळ्यांना बोलावते. समुद्राला बोलावते, गावदेवीला बोलावते. मग घरातली गेलेली माणसं, एकेकाचं नाव घेऊन. या, म्हणते. तुमच्या घरी कार्य आहे, या. ते येतात. त्यांना हळद लावतात, ताट वाढतात. आणि कार्य झालं की आमच्या घराण्याची रीत अशी, की धवलारीण त्यांना परत पाठवते. त्याचंही गाणं आहे. ते लहान आहे, पण ते म्हटल्याशिवाय मी मांडवातून उठत नाही. माझ्या सासूने मला बोलावण्याच्या आधी पाठवणी शिकवली. म्हणाली, आधी हे, मग ते.

तर मशीन बोलावत होतं. माझ्या सासूचं नाव घेतलं. तिच्या सासूचं घेतलं. माझ्या घरधन्याचं घेतलं. घरात ना लग्न, ना हळद, ना साधं पान वाढलेलं.

मी ओरडले, "अगं बंद कर! बोलावलंस ना सगळ्यांना!"

वैशाली म्हणाली, "आई, हे तुम्ही न्हाय म्हणालात. मशीन म्हणालं."

"आवाज माझा, नावं त्यांची. ते काय येताना आधार कार्ड बघतात?"

ती हसायला लागली. मग माझं तोंड बघून थांबली. मग म्हणाली, "आता?"

आता काय? आता स्वयंपाक. दोघींनी मिळून वडे तळले. सासूला सुका जवळा लागायचा, तो केला. घरधन्याला कडक चहा. उंबऱ्याशी पानं मांडली. रमेश संध्याकाळी आला, म्हणाला, आज कुणाचं काय हाय? वैशाली म्हणाली, "माझ्या हातून पाहुणे आलेत, गप बसा." आणि मी फाटक्या गळ्याने पाठवणी म्हटली. संपली तेव्हा वैशालीने विचारलं, "आई, ही पाठवणी मशीनमध्ये घालू या? म्हणजे ते बोलावील आणि तेच परत पाठवील."

मी म्हटलं, "पाठवणारं माणूस दारात उभं असावं लागतं गं. जाणाऱ्याने मागे वळून बघितलं तर कुणीतरी दिसायला पाहिजे."

तिने लॅपटॉप पुढे ओढला. मग म्हणाली, "मग बोलावणंपण नको ठेवायला." आणि स्वतःच्या हाताने तिने तो धवला काढून टाकला. हळदीची गाणी ठेवली, विहिणीला चिडवायची ठेवली. ज्यात कुणा गेलेल्याचं नाव नाही, ती सगळी ठेवली.

आता उत्तर.

डॉक्टरीणबाई, साहेब, तुम्ही आणि तुमच्यासोबतचे. तुम्ही चांगली माणसं आहात. तुम्ही लांबून आलात, तिच्या टेबलाजवळ जाऊन उभे राहिलात, हे मला सायलीने सांगितलं. तुम्ही मला असंही सांगितलंत की वैशाली एकदा ग्रुपवर म्हणाली होती, मी मेले की माझा आवाज करा. ती म्हणाली असेल. मी तुम्हाला खोटं पाडत नाही. पण मीपण गेली कित्येक वर्षं म्हणते, मला होडीत घालून खोल पाण्यात सोडून या. रमेश सोडेल का? त्याला पकडून नेतील. माणूस जिवंत असताना मरणावर चेष्टा करतं. करायलाच पाहिजे. पण ती चेष्टा तिच्यामागे हुकूम म्हणून चालवायची नसते.

त्या जपानच्या बाईला विचारलं होतं. वैशालीला आता विचारता येत नाही. आणि ती पोरगी कधी माणूस नव्हती, म्हणून तिचं काही वाटत नाही. कुणीही, कधीही लावा, बंद करा, ती कुठून येत नाही आणि कुठे जात नाही. वैशाली माणूस होती. तिचा आवाज लागला की ती येणार. कुणाच्या तरी फोनवर, कुठल्या तरी घरात, कुणी बटण दाबलं की येणार. तिथे पान कोण मांडणार? दारात कोण उभं राहणार?

म्हणून नाही. माझं उत्तर नाही.

रमेश. खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ.

तू परवा रात्री मी जेवताना मला हळूच म्हणालास, बोललास ते एवढंच, "आई, एकदा तरी 'अहो' म्हणेल ना ती." मला ऐकू आलं होतं. मी भात कालवत राहिले. मला तेव्हा काही वाटलं नाही, आताही काही वाटत नाही, वाटेल तेव्हा मोठं वाटेल, ते मला माहीत आहे.

म्हणेल रे. मशीन 'अहो' म्हणेल. तू दाबशील तेव्हा म्हणेल. पण वैशाली तू दाबलंस म्हणून कधी बोलली होती का? तिचा अबोला आठवतो ना तुला? तू मागच्या शिमग्याला तिच्या माहेरच्यांना काय ते बोललास, तर समोर ताट ठेवायची, पाणी ठेवायची, आणि तोंडातून शब्द नाही. मला सांगायची, "आई, त्यांना सांगा भाजी घ्या." आणि तू मला सांगायचास, "आई, तिला सांग घेतली." मी मध्ये बसून दोघांची टपालपेटी. आणि मग एके दिवशी, तिला वाटलं तेव्हा, ती आपण होऊन म्हणाली, "अहो, पाऊस येईल, कपडे काढा." तू शर्ट न घालता धावलास. आठवतं? ते 'अहो' कशामुळे गोड लागलं? आधी नव्हतं म्हणून.

ज्या दिवशी ते मशीन तुझ्याशी अबोला धरेल, त्या दिवशी मला सांग. मी परवानगी देईन.

तुला माझा राग येईल. येऊ दे. घाल शिव्या. मोठ्याने घाल. वाडीला तुझा आवाज ऐकायची सवय आहे.

आणि तुम्ही लोक, तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवायचं मला बरं वाटत नाही. तुम्हाला आवाज करायचाय ना? माझा करा. मी जिवंत आहे, मला विचारता येतं, आणि मी हो म्हणते. सगळ्यांसमोर म्हणते. अर्धा तिने करून ठेवलाच आहे. कुठली अक्षरं नीट आली नाहीत ते सायलीला ठाऊक आहे. पावसाळ्यात मासेमारीची बंदी लागली की होड्या वर ओढतात आणि जाळी घरात येतात. तेव्हा या. मी जाळ्यांच्या खोलीत बसेन, तुम्ही म्हणाल तसं म्हणेन. फक्त आवतण आणि पाठवणी मशीनला मिळणार नाही. ती ज्याला हवी त्याने समोर बसून शिकावी. सायलीने काल पहिली ओळ म्हटली. बेसूर होती. पण म्हटली.

आणि सायलीच्या लग्नात मी वैशालीला बोलावेन. नाव घेऊन बोलावेन. तोपर्यंत मी असले तर. नसले तर सायलीने आम्हा दोघींना बोलवायचं, आणि आम्ही भांडत येऊ.

मंडळी, झालं माझं. आता उभे राहा. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी बसून राहा. वैशालीसाठी थोडा वेळ सगळ्यांनी गप्प राहायचं. किती वेळ, ते घड्याळ बघून नको. समुद्राचा आवाज नीट ऐकू यायला लागला की समजा झालं, आणि मग सावकाश निघा.

आणि निघालात की एक काम. बारावं होईपर्यंत आमच्या घरात चूल नाही, तुम्ही डबे पाठवता, देव तुमचं भलं करो. पण सगळे जण वरण-भातच पाठवता. दुखवट्याचं म्हणून अळणी. रमेश झाकण उघडतो, बघतो, पुन्हा लावतो. उद्या तांदळाच्या भाकऱ्या पाठवा आणि वालाचं बिरडं. डबा दारात ठेवून पळायचं नाही. आणणाऱ्याने आत यायचं, त्याच्यासमोर बसायचं, तो खाईपर्यंत काहीबाही बोलत राहायचं. मला दात नाहीत, माझ्यासाठी भात जरा मऊ. आणि बिरडं चांगलं तिखट करा. जाळ निघेल असं. म्हणजे तो निदान पाणी तरी मागेल.